गोदूच्या टिकल्या

दुपारची झोपले होते, जाग आली तेव्हा अंगणातून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. त्यात गोदूचाही होता, म्हणून मी आणखी थोडी लोळत राहिले. कुणीतरी माझ्या अंगावर चादर टाकली होती. सासूबाईंनीच टाकली असणार. आदल्या दिवशी नवी मुंबईच्या हॉस्पिटलातून परत येता येता अंग नुसतं आंबून गेलं होतं. हसतेय ना पोर, म्हटलं, हसू दे. डोक्यावर इतक्या टिकल्या चिकटलेल्या असताना हसतेय.

आम्ही टिकल्या म्हणायचो, पण ती होती गोल, जाड, मधे भोक असलेली चिकट बटणं. गोदूच्या मेंदूत उजव्या कानाच्या मागे, जरा खोलात, हरभऱ्याएवढा एक डाग आहे. होता. त्या डागापायी तिला झटके यायचे. खेळता खेळता नजर एका जागी अडकायची, डावा हात थरथरायचा, आणि मग भानावर आली की ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच तिला कुठूनतरी ओढून आणलंय. डाग काढायचं ठरलं. पण इतक्याशा डोक्यात इतकासा डाग शोधायचा कसा? त्यासाठी ह्या टिकल्या. हॉस्पिटलात डॉक्टरांना आतली वाट दाखवणारं मशीन असतं, ते सांभाळणाऱ्या सोनल मॅडमनी गोदूचे केस जागोजागी चिमूटभर कापले, तिथे एकेक टिकली बसवली, प्रत्येकीभोवती जांभळ्या पेनाने गोल काढला आणि मग तिला स्कॅनमध्ये नेलं.

"आतला फोटो आणि बाहेरचं डोकं यांची गाठ घालून द्यायची असते," त्यांनी आम्हाला समजावलं होतं. "टिकल्या फोटोतही दिसतात, डोक्यावरही दिसतात. मशीनला एकेक दाखवायची, ही ती, ही ती. मग डॉक्टरांनी सळी डोक्याला लावली की पडद्यावर कळतं, आत नेमकं कुठे आहोत ते."

"आणि टिकली हलली तर?" निकेतने, माझ्या नवऱ्याने, विचारलं.

"मग पडद्यावर डॉक्टर एका जागी, आणि खरे दुसऱ्याच."

निकेत उरणच्या बंदरावर ट्रेलर चालवतो. त्याला लगेच समजलं. "म्हणजे मॅप चुकला की गाडी खाडीत."

ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी व्हायचं होतं, पण मधे एक तातडीचा पेशंट आला आणि आमचं एक दिवसाने पुढे गेलं. वॉर्डात बेडही नव्हता. "घरी न्या, परवा सकाळी आणा," सोनल मॅडम म्हणाल्या, "फक्त डोक्याला पाणी नाही, तेल नाही, टोपी नाही." जावळ काढू नका, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. कोण म्हणेल?

मी बाहेर आले तर अंगणात पाट मांडलेला. पाटावर माझा भाऊ अल्पेश, सकाळीच बोर्ली पंचतनहून दिघीची बोट धरून आलेला. त्याच्या मांडीवर गोदू, अंगात नवा फ्रॉक. बाजूला न्हावी काळूराम वस्तरा पुसत बसलेला. आणि गोदूच्या डोक्यावर केस नव्हते. एकही नव्हता. गुळगुळीत, हळदीने पिवळं झालेलं डोकं, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि स्वस्तिकाच्या आजूबाजूला टिकल्या.

"मम्मी, मी टकली!" गोदू ओरडली.

मी दारातच थांबून बघत राहिले. अल्पेशला वाटलं मी कौतुकाने बघतेय.

"बघ ताई, एकपन हरवली न्हाय. काळूरामदादाने एकेक काढली, सुपात ओळीनं मांडली, आनि परत बसवली. जिथल्या तिथं."

"जिथल्या तिथं म्हणजे कुठं?"

"म्हंजी व्हत्या तिथंच," काळूराम म्हणाला.

मी गोदूजवळ जाऊन वाकले. जांभळे गोल कुठे दिसेनात. हळदीच्या पाण्याने डोकं पुसलं होतं, त्यात ते गेले होते. टिकल्यांच्या कडेने मात्र काहीतरी पिवळट चकाकत होतं.

"हे काय लावलंय?"

"मेन," सासूबाई म्हणाल्या. त्या अजून कुंकवाखाली मेण लावतात, आमच्या गावात आता त्या एकट्याच. "चिकटत नव्हत्या ना मेल्या. माझा मेन लावला. आता वादळ आला तरी न्हाय पडनार."

मला ओरडायचं होतं. पण ओरडू कुणावर? ह्याच बाईने दुपारी माझ्या अंगावर चादर टाकली होती, पंखा माझ्याकडे फिरवला होता आणि 'सून दमलीय, कुनी उठवू नका' असं सगळ्यांना बजावलं होतं.

"आई, टिकल्या हलवायच्या नाहीत असं सांगितलं होतं ना त्यांनी."

"अगं पन हालवल्या कुठं? काढून परत लावल्या." त्या माझ्याजवळ आल्या, आवाज उतरला. "मृनाली, ऐक. एकवीरेला जावल बोललेला आपन. पोरीला झटके येतात म्हनून कार्ल्याला जायाचा राहिला. उद्या ते डॉक्टर कात्री घालनार. पोरीचा पयला केस असा परक्याच्या हाती? मामाची मांडी न्हाय, देवीचा नाव न्हाय? मग ऑपरेशन कसा व्हईल नीट?"

पहिला केस तर सोनल मॅडमनी आधीच कापला होता, जागोजागी, चिमूट चिमूट. पण सासूबाईंच्या हातात खणाच्या तुकड्यात बांधलेलं जावळ होतं आणि त्यांनी ते असं धरलं होतं, जसं तापलेलं पोर धरतात.

निकेत गाडीत डिझेल भरून आला. त्याने गोदूला पाहिलं, मग मला, मग परत गोदूला. "आहेत ना सगळ्या?" एवढंच विचारलं.

"आहेत. पण कुठे आहेत?"

माझ्या मोबाइलवर हॉस्पिटलात काढलेले फोटो होते. टिकल्या लावून गोदू चिडून बसली होती तेव्हाचे. मी ते उघडले आणि आम्ही तिघं, मी, निकेत आणि अल्पेश, गोदूला बिस्कीट देऊन तिच्याभोवती बसलो. वाटलं, सोपं आहे, बघायचं आणि ताडून घ्यायचं. पण फोटोत केस होते. भांग होता, कानावर आलेली बट होती, आणि प्रत्येक टिकली कशाच्या ना कशाच्या शेजारी होती. आता शेजारच उरला नव्हता. टकलावर सगळं सारखंच. कान मोठे दिसत होते, कपाळ कुठे संपतं ते कळत नव्हतं. हे माझंच पोर, ह्या डोक्याला मी रोज तेल लावते, आणि मला ते ओळखू येईना.

"ही कानाच्या वर होती, दोन बोटं," मी म्हटलं.

"कुनाची बोटं?" अल्पेश म्हणाला. "तुझी की माझी?"

"आणि फोटोत ती मान वाकडी करून बसलीय," निकेत म्हणाला. "त्यामुळे वर वाटते. मला तर बरोबर दिसते."

मला दिसत नव्हती. मी ती सोडवली आणि जरा मागे लावली. मेण माझ्या नखात भरलं. लावली तशी पलीकडची चुकलेली वाटायला लागली, म्हणून तीही हलवली. अल्पेशने दोरा आणला, नाकापासून मापायला. पण फोटोत नाकापासून किती होतं ते कुणाला ठाऊक? सासूबाई दारातून म्हणाल्या, "काळूरामनी लावलेल्या त्याच बरोबर व्हत्या." त्यावर अल्पेश म्हणाला, "मावशी, मना वाटतं पुढची पन सरकलीय." तेवढ्यात गोदूने बिस्कीट संपवून हात डोक्याकडे नेला आणि एक टिकली उपटून माझ्या कपाळावर लावली.

"मम्मीला पन."

तेव्हा मी हात आवरला. आता काळूरामच्या टिकल्या होत्या, माझ्या होत्या, आणि एक माझ्या कपाळावर होती. सोनल मॅडमच्या किती उरल्या होत्या, देवीला ठाऊक. कपाळावरची काढून मी अंदाजाने परत बसवली, आणि बसवताना मला आतून कळत होतं की मी नेमकं तेच करतेय जे काळूरामने केलं.

पहाटे निघालो. सासूबाईंनी गोदूच्या फ्रॉकला मीठ-मोहऱ्यांची पुरचुंडी टाचली आणि स्वतः घरी थांबल्या. अल्पेश मागे माझ्याबरोबर बसला. गोदू उपाशी होती, दूध मागून मागून माझ्या छातीशी झोपली होती, आणि मी तिचं डोकं कशालाच टेकू देत नव्हते. आता त्याला काही अर्थ आहे का, ते माझं मलाच समजत नव्हतं.

अलिबाग मागे पडल्यावर निकेत आरशातून बघत म्हणाला, "मृणाली, तिथं काही बोलू नकोस."

"काय बोलू नको?"

"टिकल्या काढल्या म्हणून. जावळ केलं म्हण, ते दिसतंच आहे. टिकल्यांना हात लावला नाही म्हण. मागच्या वेळी नुसता खोकला होता तर परत पाठवलं. ह्या वेळी पाठवलं तर परत कधी? मधे मोठा झटका आला तर?"

"आणि डॉक्टर चुकीच्या जागी गेले तर?"

"मशीन आहे ना. चूक असेल तर त्याला कळेल की."

"आणि नाही कळलं तर?"

त्याने गिअर बदलला.  त्याच्या मानेवर घाम होता. तो खोटं बोलायला सांगणाऱ्यातला माणूस नाही. बंदरावर एकदा दुसऱ्याच्या गाडीला घासली तर तासभर मालकाची वाट बघत उभा राहिला होता. मला दोन्ही पटत होतं, त्याचं आणि माझं, आणि दोन्हीची भीती वाटत होती. कधी वाटे, बोलले तर ह्या पोरीचं ऑपरेशन मीच घालवलं. कधी वाटे, गप्प बसले तर...

"ताई," अल्पेश हळूच म्हणाला, "मी सांगू का? मांडी माझीच व्हती."

"तू गप रे," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

सोनल मॅडम वॉर्डाच्या दारातच भेटल्या. गोदूला बघून हसल्या. "अरे, ही तर टकली झाली! बरं, टिकल्या आहेत ना सगळ्या?"

निकेत म्हणाला, "हो, आहेत."

आणि त्यांनी हातातल्या कागदावर खूण करायला पेन उघडलं. तेवढाच वेळ होता. मी काही ठरवलं नव्हतं. गोदूने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि एका टिकलीची कड माझ्या गालाला टोचली, मेणाचा वास आला, घरच्या देव्हाऱ्यासारखा.

"मॅडम, आहेत. पण त्या तिथल्या नाहीत. सगळ्या काढून परत लावल्यात. न्हाव्याने लावल्या, मग मीही हलवल्या. कुठली खरी ते आम्हाला कुणालाच माहीत नाही."

निकेत भिंतीकडे वळला, मग वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत चालत गेला. डॉक्टर आले. सगळं परत सांगावं लागलं.

"कुणी काढल्या?"

"माझ्या मांडीवर काढल्या," अल्पेश पुढे होऊन म्हणाला.

"आणि हे काय चिकटवलंय?"

"मेन. कुंकवाखालचा."

सोनल मॅडमनी तोंड फिरवलं. हसू लपवत होत्या की राग, ते मला कळलं नाही. डॉक्टर मात्र हसले नाहीत. खाली वाकून त्यांनी एक टिकली नखाने हलवून पाहिली. ती पापडासारखी निघून आली.

"हे सांगितलंत ते बरं केलंत."

"मशीनला कळलं असतं ना पण?" निकेत परत आला होता. 

"किती चुकतंय त्याचा आकडा पडद्यावर येतो. सगळ्या भलतीकडे असत्या तर तो लाल झाला असता. पण एक-दोन, अशा जराजराशा सरकलेल्या? आकडा बरा दिसला असता आणि मी विश्वास ठेवला असता." ते खुर्ची ओढून बसले. "आता दोन वाटा. नव्या टिकल्या, नवा स्कॅन. त्यासाठी तिला परत भूल द्यावी लागेल, मशीन मोकळं मिळायला हवं. आज नाही होणार, आणि कधी ते आत्ता सांगू शकत नाही. दुसरी वाट, टिकल्यांशिवाय. डोक्याचा आकारच जुळवून बघायचा. कपाळ, भुवया, नाकाचा दांडा, डोकं, सगळ्यावरून सळी फिरवायची. पण चेहरा पुढे आहे आणि डाग मागे. पुढे जुळलं म्हणजे मागे जुळेलच असं नाही. आधी करून बघू. जुळलं तर भूल देऊ, नाही तर घरी."

सरबत म्हणून गोदूला गुंगीचं औषध पाजलं. ती माझ्या मांडीवर सैल पडली, डोळे अर्धवट. सोनल मॅडमनी सगळ्या टिकल्या काढून एका कापसावर ठेवल्या, मेण पुसलं, स्वस्तिकही पुसलं. कपाळावर एक छोटी चकती चिकटवली, वायर लावलेली, आणि समोरचा पडदा सुरू केला.

पडद्यावर गोदू होती. राखाडी, डोळे मिटलेली, मातीची घडवल्यासारखी. आणि तिच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

"हिचं जावळ तुम्ही कधी...?" मी मूर्खासारखं विचारलं.

"स्कॅनला केस दिसत नाहीत," सोनल मॅडम म्हणाल्या. "चामडी दिसते फक्त. मशीनसाठी ती पहिल्यापासून टकलीच आहे."

त्या राखाडी डोक्यावर इथे तिथे बारीक फुगवटे होते. टिकल्यांचे. खऱ्या जागांचे. मी एक फुगवटा बघितला आणि काल मी हलवलेली टिकली आठवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. हे बघून टिकल्या परत नाही का लावता येणार, असं विचारलंही असतं, पण सोनल मॅडम कामाला लागल्या होत्या.

पेन्सिलीसारखी ती बोथट सळी त्यांनी गोदूच्या भुवईवर टेकवली आणि हळूहळू फिरवत नेली. पडद्यावर ठिपके उमटायला लागले, मुंग्यांच्या रांगेसारखे. काही त्या राखाडी चेहऱ्यावर बसत होते, काही हवेत तरंगत होते. नाक झालं, गाल झाला, कपाळ झालं. आकडा लाल होता.

निकेतने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. माझ्या मनात आलं, बोलले म्हणून ऑपरेशन गेलं. लगेच मनात आलं, बोलले नसते तर हाच लाल आकडा दिसला असता, की दिसला नसता?

"गाल सोडून दे," डॉक्टर म्हणाले. "स्कॅनमध्ये मशीनचा आवाज लागू नये म्हणून कानाला हेडफोन होते, गाल दाबले गेलेत त्यात. हाडावरून घे. आणि मागे जा, केस नाहीत तर पूर्ण डोक्यावरून जा."

"हो, टकली आहे ते बरंच," सोनल मॅडम म्हणाल्या. "केसांत सळी दबते नाहीतर, नीट टेकत नाही."

अल्पेशने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"आई, तुम्ही फक्त तिला हलू देऊ नका," त्या मला म्हणाल्या.

सळी डोक्यावर आली तशी गोदू कुरकुरली. काळूरामचा वस्तरा आठवला असेल. मी तिच्या कानाशी वाकले आणि तिला मामाच्या गावची बोट सांगायला लागले, नेहमी झोपवताना सांगते तशी. आगरदांड्याला गाडी बोटीत चढली. साखळी ओढली. भोंगा वाजला. पाणी मागे चाललं. दिघी आली का? नाही आली. सळी टाळूवरून मागे गेली, कानामागून खाली आली, परत वर गेली. मामा उभा आहे का धक्क्यावर? आहे. त्याच्या हातात काय आहे? मांडी मी दगडासारखी ठेवली होती. गोदूचा श्वास लांब झाला.

ठिपके आता राखाडी डोक्यावर पसरले होते, बांगडीवर चमकी बसवतात तसे. सोनल मॅडमनी काहीतरी दाबलं. आकडा हिरवा झाला.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. निकेत श्वास सोडत होता, तो त्याने परत धरला. डॉक्टरांनी सळी स्वतः घेतली. गोदूच्या नाकाच्या शेंड्यावर टेकवली. पडद्यावरही नाकाचा शेंडा. डाव्या कानाच्या भोकापुढचं बारकं बोंड. पडद्यावर तेच. मग उजवा कान. मग मागे, डोकं जिथे मानेला मिळतं तिथलं हाड. तिथे ते बराच वेळ थांबले, पडद्याकडे आणि डोक्याकडे आळीपाळीने बघत. परत एकदा टेकवली.

"जुळतंय," ते म्हणाले. "आत परत करू, पण जुळतंय. भूलवाल्यांना बोलवा."

गोदूला माझ्या हातातून घेऊन गेले. दार मिटलं तरी माझे हात तसेच मांडीवर, वाटीसारखे. निकेत शेजारी येऊन बसला. म्हणाला, "बरं केलंस." मग म्हणाला, "मी काय बोललो ते आईला सांगू नको."

डाग निघाला. कानामागे घोड्याच्या नालेसारखी खूण आहे, तिच्याभोवती आता मऊ मऊ केस उगवलेत. झटका अजून परत आलेला नाही. 'अजून' हा शब्द डॉक्टरांनी मला वापरायला शिकवलाय. कार्ल्याला जाऊन आलो. सासूबाईंनी खणातलं जावळ एकवीरेच्या पायाशी ठेवलं आणि परत येताना सगळ्या वाटेवर गाडीत सांगत राहिल्या, "टक्कल केला म्हनून जमला. त्या मॅडम स्वतः बोलल्या, अल्पेश हाय साक्षीला. एकवीरेनीच करून घेतला."  खोटं म्हणता येत नाही. खरं म्हणावं तर जांभळे गोल पुसले ते कुणी करून घेतलं? मी अजून सासूबाईंवर रागावलेली आहे की त्यांची ऋणी आहे, ते माझं मला ठरवता येत नाही. काही दिवस हे, काही दिवस ते.

सोनल मॅडमनी फेकायला काढलेल्या टिकल्या अल्पेशने मागून आणल्या होत्या. त्या गोदूने बाहुलीच्या डोक्यावर लावल्यात, आजीचं मेण लावून. काल बाहुलीला आंघोळ घालायची म्हणून मी त्यातली एक काढली, तर तिने घर डोक्यावर घेतलं.

"परत लाव!"

लावली.

"तिथं न्हाय!"

जरा वर लावली.

"तिथं न्हाय, मम्मी!"

मी कानाजवळ लावली, मागे लावली, बाहुली उलटी धरून लावली. मग एका जागी ती गप्प झाली. वाकून बघितलं, बोटाने दाबलं आणि बाहुलीला काखेत मारून अंगणात निघून गेली.